बेडकाला परवानगी

वहिनीला ऐकू येत नाही, हे पॅकिंगच्या हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि ऑफिसात कुणालाच माहीत नव्हतं. असं चाललं होतं आणि बरं चाललं होतं.

तिचे कान एकदम गेले नाहीत. आधी डावा मंद झाला, मग उजवा. शेवटी मोठा गडगडाट तेवढा कळायचा, तोही कानात नाही, छातीत. पण समोरच्याच्या तोंडाकडे बघून ती सगळं ओळखायची. कुजबुजलेलं तर आधी ओळखायची. त्यामुळे तिच्यासमोर तिची चेष्टा करायची सोय नव्हती. फक्त माझ्या मिशीवर तिचा राग.

"भावजी, जरा कापा ती. तुमचं बोलणं झुडपातून येतं."

मी कापली. माझी बायको जन्मभर सांगून थकली होती, तिचं मी कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "माझे कान चांगले आहेत हीच माझी चूक झाली."

आमच्या हॉलमध्ये औषधाच्या बाटल्या खोक्यात भरायच्या. पातळ, गोड औषध, काचेच्या बाटल्या. वहिनी पट्ट्याच्या सुरुवातीला उभी राहायची. उघडं खोकं पट्ट्यावर ठेवायचं, त्यात बाटल्यांचा ट्रे सोडायचा, झाकणाच्या पाकळ्या दुमडायच्या आणि पुढे ढकलायचं. पुढे पट्टा वळून पत्र्याच्या बोगद्यात शिरायचा. तिथे खोक्याला गरम गोंद लागायचा. बाहेर आलं की वजन व्हायचं, लेबल लागायचं आणि शेवटी ते माझ्याकडे यायचं. मी खोकी रचून त्यांच्याभोवती प्लास्टिक गुंडाळायचो.

बोगद्यात खोकं अडकलं तर ते वहिनीला दिसायचं नाही. घंटा वाजायची. घंटा वाजली की तिने लाल बटण दाबून आपला पट्टा थांबवायचा. नाही थांबवला तर मागची खोकी पुढच्यावर चढणार आणि आतल्या आत काचेचा चुरा. कामात अक्कल लागायची ती एवढीच, पण ती कानात होती.

माझा थोरला भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, त्याच कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. बायकोचा उजवा कानही दगा देतोय हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने साबणाच्या डबीत एक लहानशी मोटर बसवली. तिची वायर यंत्राच्या बाहेरच्या खाचेत खोचली आणि डबी वहिनीच्या पायाखालच्या रबराच्या चटईत सरकवली. घंटा वाजली की डबी पायाला धडका मारायची. पहिल्या दिवशी वहिनी किंचाळून बाजूला उडाली. "अगंबाई, बेडूक!" तेव्हापासून त्या डबीचं नाव बेडूक.

पुढे दादा आजारी पडला आणि गेला. बेडूक तेवढा पायाखाली राहिला.

दादा गेल्यावर मी वहिनीला म्हणालो होतो, आता घरी बस, आम्ही आहोत. ती म्हणाली, "घरी माझ्याशी भिंती बोलणार का? हॉलमध्ये तोंडं तरी दिसतात, भावजी. दिवसभर तोंडं दिसतात." तिच्या एका खोलीच्या घरात दादाशिवाय दुसरं तोंड नव्हतं. मूलबाळ नव्हतं. शेजारी सकाळी कुलूप लावून जाणारे. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

एका सोमवारी आम्ही कामावर आलो, तर यंत्राला नवीन पडदा लावलेला. जुनी घंटा काढून टाकली होती. आता सगळं सॉफ्टवेअर बघणार, असं मुकादमाने सांगितलं. मुकादम चांगला माणूस, पण नवीन वस्तू आली की त्याचा आवाज बदलायचा, लग्नात घोषणा करतात तसा व्हायचा. तो म्हणाला, यापुढे यंत्राला बाहेरून जे काही जोडायचं ते आधी सॉफ्टवेअर तपासणार. ओळखीचं असेल तर परवानगी, नसेल तर नाही. कुठल्या तरी कारखान्यात कुणी तरी नको ते जोडून सगळं बंद पाडलं होतं म्हणे.

लेबलावर काम करणारी बाई होती, तिला आम्ही तोफ म्हणायचो. तिने यंत्राच्या खाचेत आपला लहान पंखा लावून ठेवलेला असायचा. तो फिरेना. पडद्यावर लाल अक्षरं आली. मी जुळवून वाचली : अनोळखी उपकरण. परवानगी नाही.

"अनोळखी?" तोफ कडाडली. "दोन उन्हाळे माझा घाम पुसलाय त्याने! बोलवा त्या सॉफ्टवेअरला, मी ओळख करून देते."

मुकादमाचा फोनही शेजारच्याच खाचेत चार्ज व्हायचा. तोही बंद. सगळे हसले. वहिनीही हसली. मग तिने पाय चटईवर दाबला, पुन्हा दाबला आणि पडद्याकडे वळून बघितलं. तिथे लाल अक्षरांची तिसरी ओळ आली होती.

सॉफ्टवेअर बसवणारा माणूस दुपारी आला. कमी बोलणारा, पाठीला पिशवी, डोळे जागरणाने सुजलेले. प्रत्येकाला पासवर्ड विचारायचा म्हणून वहिनीने त्याचं नाव पासवर्ड ठेवलं. तो पालथ्या क्रेटवर बसून एकेक वायर हातात घ्यायचा, विचारायचा आणि लॅपटॉपवर टिपून घ्यायचा. त्याची पद्धत साधी होती. उपकरण कोणत्या गटातलं ते सांगा, नाव सांगा. गट बरोबर असला की सॉफ्टवेअर त्याला हिरवी खूण करणार.

चटईखालची वायर ओढत तो बेडकापर्यंत पोचला. साबणाची डबी हातात उलटीपालटी करत म्हणाला, "हे काय आहे?"

वहिनी त्याच्या ओठांकडे बघत उभी होती.

"हे बघा," पासवर्ड म्हणाला, "सुरक्षेसाठी असेल तर त्याचा वेगळा गट आहे. तसं टाकतो. फक्त त्यात कोण वापरणार आणि का, ते भरावं लागतं. डॉक्टरचा दाखला लागतो. तो वर जातो, ते तपासतात."

मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. दाखला वर गेला की वहिनी दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर नसणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. बहिऱ्या बाईला चालत्या पट्ट्यावर कोण उभं करणार? मी असतो वरचा, तर मीही केलं नसतं.

"स्कॅनर आहे," तोफ म्हणाली.

ती अगदीच खोटं बोलली असं नाही. आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा वायरवालं जे आलं तो लेबल वाचणारा स्कॅनर. त्यानंतर यंत्राला जे जे जोडलं त्याला आम्ही स्कॅनरच म्हणत आलो. वजनाचा काटा म्हणजे वजनाचा स्कॅनर. तारीख छापणारा, तो तारखेचा स्कॅनर. तोफेचा पंखाही हवेचा स्कॅनर होता. वायर दिसली की तो शब्द आमच्या तोंडात यायचा. एकदा मुकादमाने वर फोन करून सांगितलं होतं की स्कॅनर गळतोय, आणि माणूस हत्यारं घेऊन आला तर ती गोंदाची टाकी.

"स्कॅनर?" पासवर्डने डबी डोळ्यांजवळ नेली. "काच कुठे आहे याची?"

"जुन्या पद्धतीचा आहे," मुकादम म्हणाला.

"चटईखाली?"

"खाली पडू नये म्हणून."

पासवर्डने आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. दमला होता बिचारा. त्याला अजून दोन हॉल करायचे होते. "नाव काय देऊ?"

"बेडूक," वहिनी म्हणाली. तिचं बोलणं नेहमी थोडं मोठ्याने यायचं.

त्याने तसंच टाइप केलं. पडद्यावर आलं : बेडूक. स्कॅनर. परवानगी दिली. बाजूला हिरवी खूण. तोफेने टाळ्या वाजवल्या. वहिनीने डबी चटईखाली सरकवली, वर पाय ठेवला आणि मला बघून मान हलवली, दादा असताना हलवायची तशी.

पट्टा सुरू झाला. पहिलं खोकं बोगद्यातून बाहेर आलं आणि वहिनी दचकली. तिने लाल बटण दाबलं. मुकादम धावत आला. काहीच अडकलं नव्हतं. पुन्हा सुरू केलं. दुसरं खोकं बाहेर आलं, ती पुन्हा दचकली.

थोड्या वेळाने आमच्या लक्षात आलं. स्कॅनरने खोकं नीट वाचलं की सॉफ्टवेअर त्याला उलट 'ठीक' म्हणून कळवतं आणि स्कॅनर टुक करतो. बेडूक आता स्कॅनर होता. त्यामुळे प्रत्येक ठीक खोक्याला सॉफ्टवेअर बेडकालाही 'ठीक' कळवत होतं आणि बेडूक उडत होता. आणि खोकं अडकलं की? तेव्हा पडद्यातून भोंगा वाजायचा, तो कानवाल्यांसाठी. स्कॅनरला काही कळवायचं नसायचं. बेडूक गप्प.

"म्हणजे उलटंच झालं," तोफ म्हणाली. "सगळं बरं असलं की लाथा, आणि घात झाला की शांत. आमच्या ह्यांच्यासारखं."

वहिनीने तिचं तोंड वाचलं आणि पोट धरून हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, "असू दे. उडतोय तोवर सगळं ठीक. थांबला की मी थांबते. तेवढंच लक्षात ठेवायचं ना?"

तिला ते जमलंही. बेडूक थांबला की तिचा हात बटणावर जायचा, आम्हाला भोंगा ऐकू येईपर्यंत पट्टा थांबलेला असायचा. तरी तोफेने आपली सोय करून ठेवली. चिकटपट्टीचे गोळे करून ती खिशात ठेवायची आणि भोंगा झाला की पत्र्यावरून एक गोळा वहिनीच्या अंगावर फेकायची. नेम चांगला होता. कधी कधी काहीच अडकलेलं नसताना फेकायची आणि दुसरीकडे बघायची.

"ताई, मी नाही हं! हा काका!" आणि बोट माझ्याकडे.

मला आठवतं, त्या दिवसांत मला वाटलं होतं की चाललं हे. निभेल.

मग एकदा सुटी झाल्यावर आम्ही फाटकाकडे चाललो होतो, तर वहिनी मध्येच थांबली आणि तिने डावा पाय उचलून झटकला.

"काय झालं?"

"बेडूक," ती म्हणाली.

"कुठे बेडूक? हॉलमध्ये राहिला."

"उडतोय अजून." तिने पाय टेकवला, पुन्हा उचलला. "घरीही उडतो, भावजी. रात्री पांघरुणातही उडतो. हाताने दाबून धरते तरी."

आधी मला ती गंमत वाटली. मग नाही वाटली. पाय घरी, अंथरुणावर उडणारा बेडूक खरा मानत होता. मग पट्ट्यावर तो थांबला हे त्या पायाला कळणार कसं? मी तिला विचारलं नाही. तिलाही ते कळलेलं होतं, कारण दुसऱ्या दिवसापासून ती खाली न बघता सारखी तोफेकडे बघायला लागली. तोफेच्या तोंडाकडे नाही, हाताकडे. बोलणं कमी झालं. ज्या तोंडांसाठी ती कामाला यायची, त्यांच्याकडे बघायला तिला फुरसत उरली नाही.

मी तिचा पाय बदलून पाहिला, म्हणजे डबी उजव्या पायाखाली घातली. थोडे दिवस बरे गेले. मग तो पायही उडायला लागला. चपलेखाली जाड पुठ्ठा घालून पाहिला, तर काहीच कळेना.

पासवर्ड दुसऱ्या हॉलमध्ये आला होता तेव्हा मी त्याला गाठलं. म्हणालो, "तो आमचा बेडूक. त्याचा गट बदलून द्या. अडकलं की उडेल असा."

"तो सुरक्षेचा गट," तो म्हणाला. "वापरणाऱ्याची माहिती लागेल." मग आवाज खाली करून म्हणाला, "त्या बाईंना ऐकू येत नाही, हो ना?"

मी मागे वळून कुणी ऐकतंय का ते बघितलं.

"काका, मी कुणाला सांगणार नाही. पण मी आता जाणूनबुजून खोटं टाकू शकत नाही. आधी टाकलं ते न कळता टाकलं." त्याने पिशवीचा बंद खांद्यावर घेतला. "खरं तर मी ती परवानगी काढायला हवी. त्यांना काही झालं तर?"

"काढली तर तिला काय होईल ते मी सांगतो," मी म्हणालो.

त्याने काढली नाही. त्याचाही राग मला कधी आला नाही.

पुढच्या आठवड्यात ऑफिसातले मोठे साहेब पाहुणे घेऊन आले. दुसऱ्या कारखान्याचे लोक होते, त्यांना सॉफ्टवेअर बघायचं होतं. साहेब पडद्यासमोर उभे राहून दाखवत होते : हा वजनाचा, हा छपाईचा, हे स्कॅनर, यंत्राला काय काय जोडलंय ते सगळं इथे दिसतं, परवानगीशिवाय इथे टाचणीसुद्धा लागत नाही. एका पाहुण्याने विचारलं, "हे बेडूक काय आहे?" साहेबांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादम म्हणाला, "स्कॅनरचं मॉडेल आहे, साहेब." पाहुण्याने मान हलवली.

पडदा वहिनी आणि तोफ यांच्या मधोमध होता. सगळे पाहुणे त्याच्याभोवती अर्धगोल करून उभे. वहिनीला तोफ दिसत नव्हती आणि तोफेला वहिनी.

भोंगा वाजला.

तोफेचा हात खिशात गेला. तिने गोळा बाहेर काढला आणि कोटांच्या पाठींकडे बघत तशीच उभी राहिली. मी शेवटाला होतो. हातातलं प्लास्टिक टाकून धावलो, पण रचलेल्या खोक्यांना वळसा घालायचा होता आणि पायही आता पूर्वीचे नाहीत. पाहुणे भोंगा ऐकून बोगद्याकडे बघायला लागले. साहेब हसून म्हणाले, "काळजी नको, ऑपरेटर थांबवेल."

वहिनीने ट्रे खोक्यात सोडला, पाकळ्या दुमडल्या, ढकललं. दुसरं खोकं घेतलं. तिचा चेहरा अगदी शांत होता. पायाखाली सगळं ठीक चाललं होतं.

बोगद्यात पहिली काच फुटली. मग एकामागून एक फुटत गेल्या. तो आवाज हॉलच्या त्या टोकाला गेला असेल. पत्र्याखालून लालसर औषध गळून जमिनीवर पसरलं आणि गोड वास सुटला. वहिनी पुढचं खोकं उघडत होती.

साहेब तिच्या मागे जाऊन उभे राहिले. "बाई, थांबवा."

ती ट्रे सोडत होती.

"अहो बाई!"

पाकळ्या दुमडल्या.

तिसऱ्यांदा ते ओरडले तेव्हा हॉलमधलं सगळं काम थांबलं होतं. मुकादम जमिनीकडे बघत होता. मी पोचून बटण दाबलं. पट्टा हाताखाली थांबला तेव्हा वहिनीने वर पाहिलं, आधी मला, मग माझ्या नजरेच्या रोखाने मागे. साहेबांचं तोंड उघडंच होतं, आणि त्यातून काही येत नव्हतं. तिने ते वाचलं.

कुणी तिला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. साहेब हळू आवाजात बोलले, पाहुणे बाजूला झाले, एकीने तिला खुर्ची दिली. आठवड्यात सगळं रीतसर झालं. तिला निरोपाची फुलं दिली, हारही होता. पासवर्ड येऊन पडद्यावर काही तरी दाबून गेला. त्याला फार वेळ लागला नाही. वहिनीच्या जागी आता लोखंडाचा हात बसवलाय, खोकं उघडतो, ट्रे सोडतो. तोही बाहेरून जोडलेला आहे आणि त्याला परवानगी आहे.

मी दर रविवारी वहिनीकडे जातो. सुरुवातीला ती दाराकडे तोंड करून बसलेली असायची, दार हललं की उठायची. खिडकीशी मला खुर्ची ठेवायची, उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी, आणि समोर बसून हॉलची सगळी खबर विचारायची. तोफ काय म्हणाली, मुकादमाचं काय. मी सांगायचो. खबरी संपल्या तेव्हा रचून सांगायला लागलो. तोफेला तर दुसऱ्या हॉलमध्ये हलवलं होतं, तरी माझ्या गोष्टीत ती रोज कुणाला तरी गोळे मारायची. वहिनी हसायची. बरोबर त्या त्या ठिकाणी हसायची, पण पूर्वीसारखं मध्ये तोंड घालून दोन शब्द जास्तीचे जोडायची नाही.

ऊन कलायला लागलं की ती उठून दिवा लावायची आणि पुन्हा बसायची. "हं, बोला," म्हणायची.

मागच्या रविवारी मी बोलत होतो. मुकादमाच्या नव्या चष्म्याचं काही तरी सांगत होतो, तोही मीच रचलेला. खिडकीतला उजेड गेला. समोरची भांडी दिसेनाशी झाली, मग तिचे हात, मग चेहरा. ती उठली नाही. दिव्याचं बटण तिच्या खुर्चीपासून हातभर होतं.

मी थोडा वेळ बोलत राहिलो.